तोंड तेवढं काढू नका

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाचा मेसेज आला तेव्हा मी फिलाडेल्फियाच्या सबर्बन स्टेशनवर साडेपाचच्या पाओली गाडीची वाट बघत होते. ‘आमच्या पोरीच्या कॉलेजात आता स्वतःची नागडी चित्रं काढून आणा म्हणून सबमिशन देतात. ह्याला कला म्हणायचं असेल तर अवघड आहे.’ गाडी आर्डमोरला पोचेपर्यंत ग्रुपवर चाळीस मेसेज पडले होते. काकांनी लिहिलं, ‘ही अंबाबाईची नगरी आहे.’ पुण्याच्या आतेभावाने खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींचे फोटो टाकले आणि खाली विचारलं, ‘मग हे काय आहे?’ वहिनीने काहीच लिहिलं नाही. शेवटी एका मावसभावाचा मेसेज होता, ‘हे सगळं अमेरिकेचं फॅड. विचारा ताईला.’

ते शेवटचं मला फार लागलं. सव्वीस वर्षं झाली मला इथे येऊन, आणि कोल्हापुरात काहीही बिनसलं की त्याचा जाब मी द्यायचा, असं माझ्या घरच्यांचं ठरून गेलंय. मी लिहिलं की मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच, विवस्त्र मॉडेल समोर बसवून अभ्यास होत होता. अमेरिकेचंच म्हणत असाल तर २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या एका शाळेत सहावीच्या मुलांना मायकलअँजेलोचा डेव्हिड, म्हणजे तो नग्न पुतळा, दाखवला, पालकांनी ओरड केली आणि मुख्याध्यापिकेला राजीनामा द्यावा लागला. सोवळं काही फक्त आपल्याकडेच पाळतात असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाचंही सांगितलं. सूझा आणि अकबर पदमसी ह्या चित्रकारांची चित्रं कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती सोडायला लावली आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे कस्टम्सला सांगावं लागलं.

दादाने अंगठा दाखवला. पटलं नाही पण वाद नको, असा तो अंगठा असतो.

मला राग कशाचा येतो सांगते. शरीर बघायचं कसं, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायची गरजच नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून आमच्या चार पिढ्या मातीत उतरलेली शरीरं डोळे भरून बघत आल्या आहेत. बाबा मला लहानपणी कुस्त्यांना न्यायचे. खाली दोन गडी फक्त लंगोटावर, अंगाला लाल माती, आणि बाबा शेजारच्याला सांगताहेत, ‘मांडी बघ त्याची, नुसता सागाचा ओंडका. गर्दन मात्र कच्ची आहे.’ खांदा कुठून सुटतो, पाठीचा पन्हळ कसा उतरतो, दम लागला की बरगडी कशी दिसते, हे मी आधी खासबागेत बघितलं. ड्रॉइंगच्या वर्गात गेले ते नंतर. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर हे चित्रकार आमच्याच गावचे. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला काशाचा छोटा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, त्याच्याही अंगावर कापड नाही. शाळेच्या सहलीत आम्ही रांगेने त्याच्यासमोरून जायचो, बाई म्हणायच्या, ‘रोमनांशी व्यापार होता’, आणि पुढे सरकायचो. कुणाची संस्कृती बुडाली नाही.

पण हे सगळं पुरुषाचं शरीर. बाईच्या शरीराला हा न्याय नाही. पुण्याच्या आतेभावाला हे कळत नाही. खिद्रापूरची सुरसुंदरी दगडाची आहे, तिला संध्याकाळी केएमटीच्या बसने घरी जायचं नसतं. पोरगी जाते.

शनिवारी भाचीचा फोन आला. मी आधीच तलवार उपसून बसले होते. कुणाला घाबरू नकोस, कलेत असं काही नसतं, हे सगळं म्हणून झालं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आत्या, तू पण बाबांसारखंच करतेस. मला चित्र काढायचा प्रश्नच नाही.’

तिचा प्रश्न निराळाच होता. सबमिशन होतं ‘माझं शरीर’, तीन फुल-शीट. आरशात बघून किंवा फोटोवरून. किती उघडं दाखवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, सगळं ऐच्छिक. फक्त रेफरन्सचे फोटो आधी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे, म्हणजे सरांना पोझ तपासता येईल. ग्रुपवर चौतीस जणं. ‘मी टाकला नाही तर सर काही म्हणणार नाहीत गं, पण मार्क त्यांच्याच हातात आहेत ना. आणि दोघींनी टाकलेत. ज्यांनी टाकले त्या धीट, आम्ही गावठी, असं झालंय आता वर्गात.’

मी बराच वेळ गप्प होते. दादा ज्याच्यासाठी भांडत होता आणि मी ज्याच्यासाठी भांडत होते, त्यातलं काहीच त्या पोरीच्या अडचणीत नव्हतं. कपडे आहेत की नाहीत, हा मुद्दाच नव्हता. नाही म्हणायची सोय आहे का आणि चित्र संपल्यावर काय कुणाच्या हातात उरतं, एवढंच ती विचारत होती. चारकोलच्या चित्रात शरीर वळवता येतं, सावलीत टाकता येतं, अर्धं सोडून देता येतं. फोटोत ते होत नाही. तो चौतीस फोनमध्ये जाऊन बसतो. वर्गात अठराच्या आतलं कुणी असेल तर तो फोटो मागणारा, टाकणारा आणि नुसता ठेवणारासुद्धा पॉक्सो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. सरांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या मनात वाईट होतं असंही नाही. पण वर्गात मास्तरच्या मनात काय आहे ह्यावर भागत नाही.

आमच्या फिलाडेल्फियाला हा धडा फार जुना आहे. टॉमस एकिन्स इथला मोठा चित्रकार, पेनसिल्व्हेनिया अकादमीत शिकवायचा. १८८६ मध्ये मुली बसलेल्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचा लंगोट काढला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. कलेसाठी बळी गेलेला माणूस म्हणून आज पार्कवेवरच्या चौकाला त्याचं नाव आहे. मीही वीस वर्षं ही गोष्ट अशीच सांगत होते. तिचा दुसरा भाग मात्र सांगत नव्हते. एकिन्स स्वतःच्या विद्यार्थ्यांना एकमेकांसाठी विवस्त्र उभं राहायला लावायचा, त्यांचे तसे फोटोही काढायचा. लंगोटापुरता मी अजूनही त्याच्या बाजूने आहे. फोटोंच्या बाबतीत नाही. ज्याला शिकायचंय त्यानेच मॉडेल व्हायचं आणि मार्क देणाऱ्याने बघायचं, हे दीडशे वर्षांपूर्वी चूक होतं आणि आजही चूकच आहे. २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठात एका आईने तक्रार केली होती, की मुलीला परीक्षेत नग्न व्हायला सांगताहेत. प्राध्यापकांनी उत्तर दिलं की कपडे काढायलाच पाहिजेत असं नाही, मनानेही नग्न होता येतं. असेलही. पण परीक्षेच्या खोलीत ‘असंच पाहिजे असं नाही’ ह्या वाक्याला किती वजन असतं, ते परीक्षा देणाऱ्याला विचारावं.

एकिन्सचंच एक चित्र इथल्या म्युझियममध्ये आहे. विल्यम रश नावाचा जुना शिल्पकार लाकडात मूर्ती कोरतोय, मॉडेल पाठमोरी उभी आहे, खुर्चीवर तिच्या कपड्यांचा ढीग पडलाय आणि शेजारी एक वयस्क बाई मान खाली घालून विणकाम करत बसली आहे. ती सोबत म्हणून आलेली. पाहुणे आले की मी त्यांना त्या चित्रासमोर नेते. मॉडेलपेक्षा मला ती विणणारी बाई जास्त आवडते.

मी दर गुरुवारी लाइफ ड्रॉइंगला जाते. सात वाजता फोन टोपलीत पडतात, माझासुद्धा. मॉडेल पडद्याआडून गाऊन घालून येते, हीटर तिच्या बाजूला लावलेला असतो. आधी एकेका मिनिटाच्या पोझ, मग वीस-वीस मिनिटांच्या, मध्ये पाच मिनिटं सुट्टी. पायाखाली टेप चिकटवतात, म्हणजे परत येऊन तिथेच उभं राहता येतं. सुट्टीत ती गाऊन चढवूनच खाली उतरते. तिच्या अंगाला कुणी हात लावत नाही, तिच्या शरीराबद्दल कुणी बोलत नाही. बोलायचं ते कागदाबद्दल. तासाचे पैसे ठरलेले, ते वर्ग सुटायच्या आत हातात. हे सगळं मी ग्रुपवर मुद्दाम सविस्तर लिहिलं. लिहिताना मला बरं वाटत होतं हेही खरं. आपल्याकडे ह्यातलं काही जमत नाही, असं वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण ते त्या मेसेजच्या ओळीओळीत होतं.

दादाने ह्या वेळी अंगठा दाखवला नाही. त्याने लिहिलं, ‘तुझ्या हॉलमध्ये गणपतीत आरतीचे फोटो टाकलेस ना, त्यात मागची भिंत मोकळी दिसली. मागे आलो होतो तेव्हा तिथे तू काढलेली बाई होती. काढलीस का?’

काढली होती. दरवर्षी काढते. मराठी मंडळाची माणसं येतात, त्यांच्या सासवा येतात. भाद्रपदात ती फ्रेम बेसमेंटला जाते आणि अनंत चतुर्दशीनंतर वर येते. उत्तर लिहायला घेतलं, ते लिहून होईना.

मग त्याचा फोन आला. ‘तू तिकडं राहतीस, तुझं बरोबर असंल. हितं तिचं लग्न आम्हाला करायचंय,’ म्हणाला. त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आजही नाही. मी फक्त त्याला विचारलं, ‘ती काय म्हणतीय ते तू तिला विचारलंस का?’ तो म्हणाला, ‘तू विचारलंवतंस?’

आता जे सांगणार आहे ते मी दादाला सांगितलेलं नाही. मी कोल्हापुरात शिकत होते तेव्हा आमच्या कॉलेजात मॉडेल म्हणजे फेटा बांधलेले आजोबा, नाहीतर डोक्यावर पदर घेतलेली आजी, फक्त हेड स्टडी. पण मंगळवार पेठेत एका सरांचा रविवारचा वर्ग होता. जुन्या वाड्यातला माडीवरचा, आठ-नऊ जणांचा, त्यात मुली दोघी. तिथे एक मावशी यायच्या. दाराला आतून कडी. सर आधी त्यांना चहा द्यायचे, पैसे द्यायचे, मग पाठ करून खिडकीशी उभे राहायचे. मावशी लुगडं सोडून नीट घडी घालायच्या आणि घडी हाताशी ठेवायच्या, पटकन ओढून घेता येईल अशी. पहिल्याच दिवशी त्यांनी एक अट सांगितली होती, ‘बाकीचं काय बी काढा. तोंड तेवढं काढू नका.’ सरांनी ती आमच्याकडून कबूल करून घेतली. आमच्या सगळ्या कागदांवर चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकार असायचा.

एकदा शनिवारी मी आईबरोबर कपिलतीर्थ मार्केटात गेले होते. मेथीच्या जुड्यांपाशी मावशी समोर आल्या. ओळखीचं हसल्या. आईने विचारलं, ‘कोण गं?’ मी म्हटलं, ‘कोणी नाही.’ त्यांना ऐकू गेलं असणार, हातभर अंतर होतं. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या, चहा घेतला, लुगड्याची घडी घातली. पाटावर बसल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘काल आई हुती व्हय तुजी? तुज्यागतच नाक हाय.’

त्या दिवशी मी त्यांचं तोंड काढलं. शरमेने काढलं, असं मी स्वतःला सांगत आले. बाजारात ओळख दाखवली नाही ती कागदावर दाखवली, असं. कपाळावरचं गोंदण, बसका गाल, डाव्या भुवईतला वण, सगळं उतरलं. माझ्या हातून इतकं खरं चित्र त्याआधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही झालं नाही. मावशी लुगडं नेसेपर्यंत मी कागद गुंडाळून पिशवीत घातला. त्यांनी पाहिला नाही. सरांनीही नाही. इकडे येताना कपड्यांच्या बॅगेत तो नळीत घालून आणला. मी इथे फ्रेमिंगच्या दुकानात काम करते. लोकांची हजारो चित्रं ह्या हातांनी काचेखाली गेली. तो कागद नळीतच आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने कळवलं की तिने आणि आणखी पाच जणींनी मिळून सरांना लेखी दिलंय, आम्ही आरशावरून काढू, फोटो देणार नाही, आणि ग्रुपवरचे आधीचे फोटो काढून टाकावेत. सरांनी ते ग्रुपवरून काढून टाकले. मार्कांचं काय ते अजून कळलेलं नाही. ‘बाबांना सांगितलंस?’ विचारलं तर म्हणाली, ‘त्यांनीच अर्ज वाचून दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं.’

त्याच मेसेजखाली तिने लिहिलं होतं, ‘आत्या, मावशींचं चित्र बघायचंय. फोटो पाठव ना.’

नळी उघडून कागद जेवायच्या टेबलावर पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, नाहीतर तो परत गुंडाळी होतो. चारकोल थोडा पुसलाय, गोंदण अजून स्पष्ट आहे. फोन हातात घेतला होता. मग तो स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून आले आणि पुन्हा कागदासमोर बसले.

‘डिसेंबरात येईन तेव्हा बघू,’ एवढंच तिला कळवलं. कागद बरोबर न्यायचा का, हे अजून ठरत नाही.