कोल्हापूरची ‘चोरलेली’ तेहतीस मिनिटे : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

तालमींच्या, सोसायट्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश सध्या कोल्हापुरात पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा : पूर्वी साऱ्या जगाची वेळ उज्जैनवरून ठरत असे, १८८४ मध्ये इंग्रजांनी ती लंडनमधील ग्रीनिचला पळवली आणि जगाचे तासातासाचे चोवीस पट्टे पाडले, सगळ्यांना पूर्ण तास देऊन भारताच्या गळ्यात मात्र साडेपाचाचा अर्धवट आकडा मारला, आज ज्याला यूटीसी (समन्वित वैश्विक वेळ, जगातील सर्व प्रमाणवेळांचा आधार) म्हणतात ते नाव बदललेले ग्रीनिचचेच घड्याळ आहे, आणि या साऱ्या उलाढालीत कोल्हापूरची ३३ मिनिटे चोरीला गेल्यामुळे आपले मुहूर्त चुकतात. शेवटी घड्याळे ३३ मिनिटे मागे करण्याचे आवाहन आहे. संदेशातला एक आकडा बरोबर आहे आणि एका दाव्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो सरसकट हसण्यावारी न नेता त्यातील एकेक दावा तपासणे योग्य ठरेल.

अर्धे सत्य उज्जैनच्या दाव्यात आहे. सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिर्गणिताच्या ग्रंथात लंका, अवंती (म्हणजे उज्जैन) आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा मानलेली आहे आणि आपले ज्योतिर्गणित शतकानुशतके तिच्या आधाराने चालले. अरबी ज्योतिर्विदांमार्फत ही रेषा ‘अरीन’ या नावाने मध्ययुगीन युरोपातही पोहोचली होती. पण ती ग्रहांची स्थिती काढण्यासाठी होती, लोकांच्या दैनंदिन वेळेसाठी नव्हती. गणिताने उज्जैनच्या रेषेवरील उत्तर मिळाले की गणक त्याला आपल्या गावापुरता ‘देशांतर संस्कार’ देत असे, म्हणजे आपले गाव त्या रेषेच्या जितके पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तितका फरक त्यात मिळवीत किंवा वजा करीत असे. हा संस्कार असणे हाच पुरावा आहे की प्रत्येक गावाची वेळ स्वतःची होती आणि ती तिथल्या सूर्योदयापासून घटी-पळांत मोजली जात होती. शिवाय उज्जैन हीच जगाची एकमेव मध्यरेषा होती, असेही नाही. प्राचीन भूगोलतज्ज्ञ टॉलेमीने रेखांश अटलांटिकमधील बेटांपासून मोजले, आणि पुढे फ्रेंचांनी पॅरिसपासून तर रशियनांनी सेंट पीटर्सबर्गजवळच्या पुल्कोव्हो वेधशाळेपासून मोजले.

शून्य रेखावृत्त ठरवण्यासाठी वॉशिंग्टनला भरलेल्या १८८४ च्या परिषदेबद्दल संदेश जे सांगतो, ते तिच्या ठरावांत नाही. ऑक्टोबर महिन्यात २५ देशांचे प्रतिनिधी तिथे जमले आणि ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानण्याच्या बाजूने २२ मते पडली. सान डोमिंगोने (आजचे डोमिनिकन प्रजासत्ताक) विरोध केला, तर फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. ग्रीनिचची सरशी होण्यामागे ब्रिटिश साम्राज्याचे वजन होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र निर्णायक मुद्दा जहाजांच्या नकाशांचा होता, कारण जगातील सुमारे ७२ टक्के जहाजी टनभार त्या वेळी ग्रीनिचवर आधारलेले नकाशेच वापरत होता. परिषदेने काळपट्टे मात्र पाडले नाहीत. उलट, परिषदेने मांडलेली वैश्विक दिवसाची, म्हणजे साऱ्या जगासाठी एकच दिवस मोजण्याची, कल्पना स्थानिक किंवा अन्य प्रमाणवेळेच्या वापरात हस्तक्षेप करणार नाही, असे ठरावातच नमूद आहे. कोणत्या देशाने कोणती वेळ पाळावी हे त्या त्या देशाने आपापल्या सोयीने आणि बरेच नंतर ठरवले. फ्रान्सने तर १९११ पर्यंत वाट पाहिली, आणि तेव्हाही कायद्यात ग्रीनिचचे नाव न घेता ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ अशी शब्दयोजना केली. गोष्ट तीच, फक्त नाक उंच ठेवून!

अर्ध्या तासाचा दावा तर सरळ उलटा आहे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणून पूर्ण तासांचाच आग्रह धरला असता तर आपल्यासमोर दोन पर्याय होते : ७५ अंश पूर्व, म्हणजे पाच तास, किंवा ९० अंश पूर्व, म्हणजे सहा तास. पहिला कोल्हापूर-मुंबईच्या सोयीचा आणि दुसरा बंगालच्या. या दोहोंच्या बरोबर मधले ८२.५ अंशांचे रेखावृत्त मिर्झापूरजवळून आणि काकीनाड्याच्या परिसरातून जाते, आणि १ जानेवारी १९०६ पासून तेच भारतीय प्रमाणवेळेचा आधार झाले. अर्धा तास हा खोडा नसून देशाच्या दोन्ही टोकांतली तडजोड होती. ती सर्वांनी मुकाट्याने स्वीकारली, असेही घडले नाही. कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत ठेवली आणि मुंबईत प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती.

अर्धवट आकडे भारतापुरतेही मर्यादित नाहीत. इराण साडेतीन, अफगाणिस्तान साडेचार, म्यानमार साडेसहा आणि ऑस्ट्रेलियातील ॲडलेड साडेनऊ तासांवर आहे, तर नेपाळने पावणेसहा तास निवडले आहेत. यूटीसीपासूनची अंतरे मोजली तर आज जगात पस्तीसहून अधिक वेगवेगळी अंतरे वापरात आहेत आणि त्यांचा पल्ला उणे १२ पासून अधिक १४ तासांपर्यंत जातो. प्रशांत महासागरातील किरिबाटी या देशाच्या पूर्वेकडील बेटांवरचे घड्याळ आणि हवाईतले घड्याळ दिवसभर एकच वेळ दाखवते. फक्त तारखेत एका दिवसाचा फरक असतो. चीनने १९४९ पासून अवाढव्य देशाला एकच वेळ लावली आहे. त्याचा परिणाम पाहायचा तर चीनच्या पश्चिम टोकाचे काशगर पाहावे. ते शहर ७६ अंश पूर्वेला, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर आहे, आणि तिथे अधिकृत घड्याळाप्रमाणे सूर्य माध्यान्हीला येतो तो दुपारी तीनच्या सुमारास. भूगोलाच्या पुस्तकातील तासातासाचे सरळ पट्टे शिकवण्यासाठी ठीक आहेत. प्रत्यक्षातला काळपट्टा हा सरकारी राजपत्रातला निर्णय असतो.

संदेशातील सर्वांत दिशाभूल करणारा दावा यूटीसीचा आहे, आणि तो सुशिक्षितांनाही पटतो म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची सरासरी वेळ, ही सूर्यावरून, म्हणजे पर्यायाने पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यावरून काढलेली वेळ होती. पृथ्वी मात्र घड्याळासारखी नेमाने फिरत नाही; चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने तिचा वेग दीर्घकाळात मंदावतो आणि अधूनमधून तो अनियमितपणे थोडा कमी-जास्तही होतो. म्हणून १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलण्यात आली : सीझियम-१३३ अणूच्या ठराविक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. आजची यूटीसी या सेकंदांवर चालते. जगभरच्या ऐंशीहून अधिक प्रयोगशाळांतील साडेचारशेच्या आसपास आण्विक घड्याळांची नोंद पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाकडे जाते आणि त्यांच्या भारित सरासरीतून ही वेळ सिद्ध होते. ग्रीनिचच्या वेधशाळेचा यात हात नाही. तिचे खगोलज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून हलले, संस्था १९९८ मध्ये बंद झाली आणि टेकडीवर आता संग्रहालय आहे. पर्यटक ज्या रेषेवर पाय फाकून छायाचित्र काढतात, तिच्यापासून उपग्रहांचे शून्य रेखावृत्त सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे.

म्हणजे यूटीसी हे कोणत्याही एका गावाचे घड्याळ नाही. नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची आण्विक घड्याळेही त्या सरासरीत आहेत आणि त्यांच्यावरून राखलेल्या वेळेत साडेपाच तास मिळवले की भारतीय प्रमाणवेळ मिळते. आण्विक सेकंद आणि पृथ्वीचे फिरणे यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा ‘लीप सेकंद’ घातला गेला. आतापर्यंत असे २७ सेकंद घातले आहेत. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला यूटीसीच्या मध्यरात्रीपूर्वी घातला, आणि तो क्षण आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला काही क्षण असताना आला, कारण लीप सेकंद सगळ्या जगात एकाच क्षणी घातला जातो, प्रत्येकाच्या मध्यरात्री नव्हे. ही पद्धत २०३५ पर्यंत मोडीत काढण्याचे २०२२ मध्ये ठरले आहे.

यूटीसी आणि लंडनची वेळ एक नव्हे, हे तपासायला हातातले काट्यांचे घड्याळ पुरे आहे. आपले अंतर साडेपाच तासांचे असल्यामुळे घड्याळ उलटे धरले की लंडनची वेळ दिसते, अशी एक जुनी गंमत आहे : आपल्याकडे बारा वाजले असता उलटे घड्याळ साडेसहा दाखवते. हिवाळ्यात हे खरे ठरते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन घड्याळे तासभर पुढे करते, आणि तिथून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपले उलटे घड्याळ यूटीसी बरोबर दाखवते, पण लंडनमध्ये मात्र साडेसात झालेले असतात. खुद्द ग्रीनिचचे घड्याळ वर्षातले सात महिने यूटीसीशी जुळत नाही! कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या ज्या फौंड्रीचा माल जर्मनीला जातो, तिथल्या कार्यालयाला हे पाठच असते. तिकडे सकाळी साडेनऊला ठरलेली बैठक इथे हिवाळ्यात दुपारी दोनला आणि उन्हाळ्यात एकला भरते. यूटीसी जागची हलत नाही, हलते ते जर्मनीचे तिच्यापासूनचे अंतर.

आता ती ३३ मिनिटे. कोल्हापूर ७४.२ अंशांवर आहे, प्रमाण रेखावृत्त ८२.५ वर; सव्वाआठ अंशांचा फरक आणि अंशाला चार मिनिटे, म्हणजे ३३ मिनिटे. आकडा अचूक आहे. पण घड्याळे तेवढी मागे केली तर बारा वाजता सूर्य डोक्यावर येईल, हा समज चुकीचा आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे खरा सूर्य आपल्या सरासरी घड्याळापेक्षा फेब्रुवारीच्या मध्यास १४ मिनिटांपर्यंत मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटांपर्यंत पुढे जातो. याचे उत्तम उदाहरण अंबाबाईच्या देवळातच आहे. मावळत्या सूर्याची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या किरणोत्सवाच्या परंपरेने मानलेल्या तारखा ९, १० आणि ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी अशा आहेत. या दोन्ही वेळी सूर्य आकाशात जवळजवळ त्याच जागी, क्षितिजावरच्या त्याच बिंदूकडे मावळतो. म्हणून तर किरणे त्याच वाटेने आत शिरतात आणि दिवसाची लांबीही सारखीच असते. तरीही नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाच्या सुमारास. हा अर्ध्या तासाचा फरक ना ग्रीनिचने केला ना मिर्झापूरने. घड्याळ उज्जैनला जुळवले, तरी तो तसाच राहील, आणि वर कोल्हापूर उज्जैनच्या रेषेच्या पश्चिमेला असल्यामुळे सहा मिनिटांची तफावत उरेलच.

मुहूर्तांचा दावा यानंतर फार वेळ टिकत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन १२ अंशांनी वाढला की तिथी बदलते. तो क्षण कोल्हापूरला, काशीला आणि कॅलिफोर्नियाला एकच असतो. पंचांग त्या क्षणाला भारतीय प्रमाणवेळेतील आकडा देते, एवढेच. सूर्योदयावर अवलंबून असलेले भाग स्थानिक सूर्योदयावरूनच काढायचे असतात, आणि देशांतराचा संस्कार आपल्या पंचांगकर्त्यांना नवा नाही. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी जे केंद्रस्थान ठरवले, त्याचा रेखांश ८२.५ अंश, म्हणजे प्रमाणवेळेचा, आणि अक्षांश २३ अंश ११ मिनिटे, म्हणजे उज्जैनचा आहे.

सूर्य आणि घड्याळ यांच्या फारकतीचा खरा जाच आपल्याला नाही, तो ईशान्येला आहे. गुवाहाटीत जूनमध्ये साडेचारच्या सुमारास उजाडते आणि डिसेंबरात तितक्याच वाजता सूर्य मावळतो. आसामच्या चहामळ्यांत त्यामुळेच तासभर पुढची ‘बागान वेळ’ पाळण्याची पद्धत आहे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वैज्ञानिकांनी २०१८ मध्ये देशात दोन प्रमाणवेळा असाव्यात असे सुचवले : सध्याचे साडेपाच तास आणि पूर्वेला साडेसहा. सरकारने ते मान्य केले नाही. माझ्या मते यावर पुन्हा विचार व्हायला हवा. त्या प्रस्तावातही यूटीसीला हात लावलेला नव्हता. दोन्ही वेळा तिच्यापासूनच मोजायच्या होत्या, आणि सीमारेषा ८९ अंश ५२ मिनिटांवर, पश्चिम बंगाल आणि आसाम यांच्या चिंचोळ्या सीमेवर सुचवली होती, कारण तिथे रेल्वेची घड्याळे मोजक्या ठिकाणीच बदलावी लागतील.