पाव किलो अळीव

भाची पुण्याहून चार दिवस राहायला आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "मामा, मंडईतनं क्रेस आण की. अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात, इंग्लंडमध्ये." न कळलेल्या शब्दाला मान डोलावणं हा आमच्या घराण्याचा जुना आजार. पिशवी उचलली.

कपिलतीर्थ मार्केटात पहिल्या मावशींनी न ऐकताच मेथी पुढं केली. दुसऱ्या म्हणाल्या, "क्रीज? इस्त्रीवाला पलीकडं." तिसरा तर पत्ताच देऊन मोकळा झाला, "ग्रीस व्हय? उद्यमनगरात जावा." 'ठाऊक नाही' एवढं सोडून कोल्हापुरात काहीही सांगतील.

घरी येऊन मोबाईलवर शोधलं. क्रेस म्हणजे मोहरीच्या कुळातली कोवळी, तिखट पानं. (वॉटरक्रेस वेगळी, ती वाहत्या पाण्यात वाढते, तिच्यासाठी पंचगंगेत उतरायची माझी तयारी नव्हती.) पुढं हिंदी नाव होतं, हलीम. माझ्या डोळ्यांपुढं मटणाचं पातेलं आलं. तेवढ्यात आतनं आई ओरडली, "अरं, हालीम म्हंजे अळीव! तू झालास तवा त्याचंच लाडू खाल्लेत मी."

म्हणजे ज्या बियांच्या लाडवांवर माझं पोषण झालं, त्यांच्याच रोपाला मी तासभर मंडईत धुंडाळत होतो.

लक्ष्मीपुरीत दुकानात म्हटलं, "पाव किलो अळीव." दुकानदाराचा चेहरा उजळला. "अभिनंदन! पोरगा का पोरगी?"

"तसलं काही नाही. उगवून खायचंय."

"व्हय, व्हय," म्हणत त्यानं डिंक आणि खारीकही बांधली. मागं आमच्या गल्लीतल्या काकू उभ्या होत्या. आता आमचा एकुलता एक मुलगा अकरावीत आणि बायको पन्नाशीला टेकलेली. म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीला दोनच शक्यतांवर चर्चा करायची होती.

अळीव मटकीसारखं रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचं, असं मी ठरवलं. सकाळी वाटीत नुसता बुळबुळीत गोळा. त्या बियांना पाणी लागलं की सब्जासारखा चिकट थर सुटतो. फडकं कसलं बांधताय? दुसरा घाणा ताटलीत ओल्या कापसावर पसरला, वर पाणी शिंपडत बसलो. तिसऱ्या दिवशी दोऱ्याएवढे कोंब दिसले. चौथ्या दिवशी भाची पुण्याला गेली. मी मात्र ताटली सोडली नाही. आठव्या दिवशी बोटभर हिरवळ झाली आणि एक पान चावलं तर जीभ चांगलीच चुरचुरली. तिखट म्हटल्यावर आमचा विरोध संपतोच.

तेवढ्यात काकू आल्या. हातात लोकरीचं टोपडं. त्यांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग आतल्या खोलीकडं, मग कापसावर ठेवलेल्या माझ्या बाळाकडं. टोपडं गुपचूप पिशवीत परत गेलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "पांढऱ्या रस्स्यावर भुरभुरायला तरी पुरंल का हे?"