"तापतो, लिंक तुटते, ९४० च्या पुढे जात नाही": एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार. २.५ गिगाबिटचे आठ पोर्ट आणि एक एसएफपी प्लस खाच (१० गिगाबिटचं मॉड्यूल किंवा केबल बसवायची जागा) असलेला बिनपंख्याचा नेटवर्क स्विच तुम्ही नेलात. वेग ९४० एमबीपीएसवर अडतो, नॅसची (नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या यंत्राची) लिंक अर्ध्या तासाने तुटते आणि स्विचचा डबा गरम लागतो, या तुमच्या तीन तक्रारी. सोबत फोटो टाकलेत, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

लिंक तुटते ती आमच्या चुकीने. नॅसच्या नेटवर्क कार्डालाही एसएफपी प्लस खाच असताना काउंटरवरून तुम्हाला १० गिगाबिटची दोन आरजे४५ मॉड्यूल (नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल लावायची) आणि कॅट ६ केबल दिली गेली. अंगठ्याएवढं हे मॉड्यूल अडीच वॉटच्या आसपास वीज खातं. पंखा नसलेल्या स्विचमध्ये ती उष्णता खाचेतच कोंडते. मॉड्यूल तापलं की लिंक पडते, निवलं की परत येते. तुमचा नॅस स्विचच्या शेजारीच आहे, तिथे एक मीटरची डीएसी केबल (दोन्ही टोकांना एसएफपी प्लस प्लग असलेली तयार तांब्याची केबल) पुरते आणि ती जेमतेम ०.१ वॉट घेते. हेच आधी विचारायला हवं होतं. माफ करा. मॉड्यूल परत घेऊन डीएसी देतो, उरलेले पैसेही परत. पुढे नॅस दुसऱ्या खोलीत हलवलात तर एसआर मॉड्यूल (कमी अंतरासाठीचं, प्रकाशावर चालणारं) आणि त्याला चालणारी ओएम३ फायबर केबल घाला, पुन्हा आरजे४५ नको.

९४० चं मात्र स्विचवर ढकलू नका. १ गिगाबिटची लिंक प्रत्यक्षात एवढंच देते, २.५ ची लिंक आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर २.३५ गिगाबिटच्या आसपास दाखवते. दुसऱ्या फोटोत कॉम्प्युटरची निळी केबल राउटरमध्ये गेलेली दिसते. त्या राउटरचे लॅन पोर्ट १ गिगाबिटचे आहेत, म्हणून नॅसकडे जाणारी प्रत्येक फाइल त्या चिंचोळ्या वाटेने जाते. ती केबल स्विचमध्ये लावा. राउटर ते स्विच एकच केबल राहू द्या. मग विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड २५००/२५०० दिसायला हवा. १००० दिसला तर केबल बदलून पाहा: चांगली कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिट नेते, पण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल किंवा तारांवर नीट दाबून न बसवलेला प्लग दगा देतो. १०० दिसला तर बहुतेक केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. सगळं जमलं की मोठी फाइल सेकंदाला २८० एमबीच्या जवळपास वाचली जाईल. नॅसमध्ये दोनच हार्ड डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) असतील तर लिहिताना वेग एका डिस्कएवढाच मिळेल.

डबा गरम लागणारच, कारण पंखा नसल्यामुळे बाहेरचा पत्राच हीटसिंकचं, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचं काम करतो. पण तुम्ही तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, राउटरखाली ठेवला आहे. राउटर बाजूला करा, वर चार-पाच इंच मोकळे ठेवा, कप्प्याचं दार उघडं असू द्या.

"त्यापेक्षा पंख्याचा स्विच घ्या" हा तुमचा इतरांना दिलेला सल्ला मात्र आम्हाला पटत नाही. अशा स्विचमधले ४० मिलिमीटरचे पंखे ऑफिसच्या रॅकमध्ये खपून जातात, पण झोपायच्या खोलीत त्यांची बारीक शीळ रात्रभर कानात बसते.

येताना नॅसच्या कार्डाचं मॉडेल लिहून आणा. काही कार्डं ठरावीक कोडिंगचीच (केबलच्या प्लगमध्ये भरलेल्या ओळखीचीच) डीएसी ओळखतात. ती इथे लावून, तपासूनच देऊ.