ठणका, मुरडा आणि केसपेपरवरचं 'पेन'

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय : 'डॉक्टरला भाषा, इतिहास, साहित्य कशाला? रोग ओळखता आला की झालं. करुणा शिकवून येत नाही. हे परदेशी खूळ आहे आणि मुलांवर आधीच ओझं आहे.' मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवते, म्हणून मुद्दे एकेक करून घेते.

रोग ओळखता आला की झालं, हे कबूल. पण ओळखायचा कशावरून? आपला पेशंट 'पेन' म्हणत नाही. तो ठणका म्हणतो, मुरडा म्हणतो, चमक म्हणतो. ठणका म्हटलं की आत पू झालाय का ते बघायचं. मुरडा म्हटलं की आतड्याकडे लक्ष. चमक कमरेतून पायात उतरत असेल तर नस दबलीय का, हे तपासायचं. केसपेपरवर या तिन्हींचं एकच 'पेन' होतं. एकदा एक मावशी म्हणाल्या, 'अंगावरून जातंय.' इंटर्नने पांढरं जातंय असं लिहून टाकलं. 'लाल की पांढरं?' हे विचारलंच नव्हतं. मी विचारलं. पाळी बंद होऊन सहा वर्षं झालेली, आणि जात होतं रक्त. अशा तक्रारीत कर्करोग नाही ना, हे आधी बघावं लागतं. इथे भाषा हेच निदान होतं.

करुणा उपजत असेलही. पण वाईट बातमी कशी सांगायची, हे शिकता येतं. २००० साली मांडलेल्या 'स्पाइक्स' पद्धतीत त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पेशंटला काय माहीत आहे आणि किती ऐकायचंय, हे सांगण्याआधी विचारायचं. टाके घालायला शिकतो, तसंच हेही हाताखाली शिकायचं.

परदेशी खूळ? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यवृत्ती चार प्रकारची सांगितली आहे. त्यात पहिली मैत्री, दुसरं आर्तांविषयी कारुण्य.

आणि इतिहास. कैद्यांवर क्रूर प्रयोग केल्याबद्दल नाझींवर न्यूरेंबर्गला १९४६-४७मध्ये चाललेल्या डॉक्टर-खटल्यात २३पैकी २० आरोपी डॉक्टर होते. त्यांचं वैद्यकाचं शिक्षण पुरं झालेलं होतं. प्रयोगासाठी माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच, हा नियम त्या निकालात लिहिला गेला.

ओझ्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचं 'एटकॉम' आलं. दीडशे मुलं हॉलमध्ये कोंबून स्लाइड वाचल्या तर ते ओझंच होणार. म्हणून तो तास रद्द करू नका, खाटेशेजारी घ्या. आणि सुरुवातीला परप्रांतीय मुलांना स्थानिक भाषा शिकवतात, तिथे ठणका आणि मुरड्यातला फरक पहिल्याच आठवड्यात सांगा.