गोडेलच्या नावावर काहीही खपवू नका

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या गोडेल या तर्कशास्त्रज्ञाच्या नावाने एक मेसेज फिरतोय: ‘१९३१ साली गोडेलने गणित अपूर्ण आहे हे सिद्ध केलं. म्हणजे गणितात खात्रीचं काहीच नाही. दोन अधिक दोन चार हीसुद्धा श्रद्धाच. रसेलला एक अधिक एक दोन दाखवायला साडेतीनशेच्या वर पानं लागली!’

साल बरोबर आहे. पुढचं सगळं सैल.

गोडेलचं म्हणणं अटींसकट आहे. गृहीतकांत, म्हणजे सिद्ध न करता मानलेल्या पायाभूत विधानांत, विसंगती नसेल, ती यंत्रासारखी तपासता येत असतील आणि त्यांत पूर्णांकांची बेरीज व गुणाकार मांडता येत असतील, तर काही विधानं ना सिद्ध होतात, ना खोडता येतात. काही, सगळी नव्हे. शिवाय हे त्याने सिद्ध केलं ते गणितानेच. सिद्धतेवर भरवसा नसेल तर गोडेलही गेला!

आता दोन अधिक दोन. नियम एकच: एखाद्या संख्येत ‘ब’च्या पुढची संख्या मिळवली, तर उत्तर ‘ब’ मिळवून आलेल्या बेरजेच्या पुढची संख्या. दोन म्हणजे एकाच्या पुढची. म्हणून दोन अधिक दोन म्हणजे (दोन अधिक एक) याच्या पुढची, म्हणजे तिनाच्या पुढची. चार. यात गोडेल कुठे आडवा आला? नुसत्या बेरजेचं अंकगणित तर पूर्ण आहे, म्हणजे त्यातलं प्रत्येक विधान सिद्ध होतं किंवा खोडता येतं, हे प्रेसबर्गर या गणितज्ञाने १९२९ सालीच दाखवलं होतं. गुणाकार आला तरी ठरावीक आकड्यांचं प्रत्येक खरं समीकरण सिद्ध होतंच. हळदीच्या पट्टीत शंभर रुपये कमी आले, तर अडत्याला गोडेलचं नाव सांगून सुटता येणार नाही.

रसेलच्या पानांचा किस्सा अर्धवट आहे. व्हाइटहेड आणि रसेल या गणितज्ञ-तत्त्वज्ञांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाचा पहिला खंड १९१० चा. ज्या विधानावरून पुढे एक अधिक एक दोन निघतं, ते त्यात ३७९ व्या पानावर येतं. आधीची पानं तर्कशास्त्र पायापासून उभं करण्यात गेलीत. त्या विधानाची सिद्धता काही ओळींचीच आहे.

खरा पेच वेगळाच आहे. पूर्णांकांच्या संचाहून मोठा, पण वास्तव संख्यांच्या (संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्यांच्या) संचाहून लहान असा मधल्या आकाराचा अनंत संच असतो का? रूढ गृहीतकांवरून ‘असतो’ हे सिद्ध होत नाही, हे गोडेलच्या कामातून १९४० पर्यंत कळलं. ‘नसतो’ हेही होत नाही, हे १९६३ साली पॉल कोहेन या गणितज्ञाने दाखवलं. मग याचं खरं उत्तर असतं का, यावर गणितज्ञांत आजही मतभेद आहेत. खुद्द गोडेलचं मत मात्र पक्कं होतं: उत्तर आहे, ते गाठायला आपली गृहीतकं अपुरी पडतात, नवी शोधायला हवीत.