स्लीपमुळे मदरबोर्ड जळत नाही. चालू प्लगवर रॅम काढल्याने मात्र जळू शकतो

‘डेस्कटॉपवाल्यांनो सावधान’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: डेस्कटॉप कधीही स्लीपवर टाकू नका, त्याने मदरबोर्ड जळतो. स्लीपनंतर स्क्रीन काळी राहिली तर बोर्ड गेला असं समजा. त्याआधी एक घरगुती उपाय करून बघा: कॅबिनेट उघडा, रॅम काढून खोडरबराने घासा आणि परत लावा, ‘कॉम्प्युटर झोपलेला म्हणजे बंदच असतो, त्यामुळे प्लग काढायची गरज नाही’. मग बोर्डावरचा सेल काढा, कारण झोपेची मेमरी त्यात असते. तरीही जमलं नाही तर लगेच बायोस (मशीन सुरू करून देणारं, बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. आणि रात्री कॉम्प्युटर आपोआप चालू झाला तर समजा, हॅकर आत शिरलाय.

हा मेसेज माझ्या मामांपर्यंत पोचला. मामांचं डीटीपीचं काम आहे, सगळा धंदा त्या एका मशीनवर. त्यांनी प्लग चालू ठेवून रॅम काढली, घासली, परत बसवली आणि नव्या बोर्डाची किंमतही विचारून आले. रॅम वाचली हे नशीब. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात घातक मुद्दा हाच, रॅमचा. झोपलेला कॉम्प्युटर बंद नसतो. यावर वाद घालायचं कारण नाही, कारण स्लीप म्हणजे काय हे ज्या एसीपीआय मानकात ठरवलेलं आहे ते इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्येच प्रसिद्ध केलं. आज ते यूईएफआय फोरम सांभाळतं. त्यात एस-१ ते एस-५ अशा पायऱ्या आहेत. आपण डेस्कटॉपवर ज्याला स्लीप म्हणतो ती बहुतेक वेळा एस-३. या अवस्थेत प्रोसेसर आणि चिपसेट आपलं सगळं विसरतात, फक्त रॅममधला मजकूर जपला जातो. आणि रॅममधला मजकूर आपोआप टिकत नाही. तिच्यातला एकेक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, तो सतत गळत असतो. साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते, नाहीतर उघडी फाईल, ब्राउझर, सगळं पुसलं जातं. झोपेत हे काम रॅमच्या चिपा स्वतःच करत राहतात, आणि त्यासाठी त्यांना वीज लागते.

ती वीज कुठून येते? मदरबोर्डला जोडलेल्या २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये एक तार असते, बहुतेक एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) जांभळ्या रंगाची. तिच्यावर पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतो. भिंतीवरचं बटण आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू आहे तोवर ही तार जिवंत असते, मग पंखे थांबलेले असोत की स्क्रीन काळी असो. कितीतरी बोर्डांवर एका कोपऱ्यात बारीक दिवा लागलेला दिसतो, तो याच पुरवठ्याचा. म्हणजे झोपलेल्या मशीनमधून रॅम ओढताना तुम्ही चालू स्लॉटमधून रॅमची काडी उपसत असता. डीडीआर-४ प्रकारच्या रॅमच्या काडीला २८८ संपर्क असतात, एकमेकांना अगदी खेटून. काडी जराशी तिरकी निघाली तरी शेजारचे संपर्क एकमेकांना टेकतात. त्यात काडी जाऊ शकते, स्लॉट जाऊ शकतो. ‘बोर्ड वाचवा’ म्हणणारा मेसेज बोर्ड घालवायची रीत शिकवतोय, आणि लोक ती रीत आईवडिलांना पाठवताहेत.

रॅम काढायचीच असेल तर आधी शट डाऊन करा. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग उपसा. मग पुढचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज उतरते. बोर्डावरचा दिवा विझला ना, ते डोळ्यांनी बघा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, आणि मगच काडीला.

खोडरबराबद्दल एवढं मान्य करावं लागेल की उपाय अगदीच खोटा नाही. दमट हवेत संपर्कांवर मळ धरतो आणि हलक्या हाताने पुसल्यावर ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा जाते. पण ती तक्रार मुळात चालूच न होणाऱ्या मशीनची. सकाळी नीट चालू होणारं आणि फक्त झोपेतून न उठणारं मशीन असेल, तर पहिला संशय संपर्कांवर घेऊ नये.

मग घ्यायचा कशावर? स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं झालेलं आहे, फक्त चित्र येत नाहीये. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाहीतर मॉनिटर बंद करून चालू करा, डिस्प्लेपोर्टची केबल काढून लावा. यात बोर्डाचा काहीही संबंध नाही.

पंखे फिरताहेत पण कॅप्स लॉक मेलेलं आहे, असं असेल तर रॅमच्या सेटिंगकडे जा. झोपेतून उठताना बायोसला मेमरी पुन्हा तंतोतंत आधीच्या वेगावर आणावी लागते. एक्सएमपी (रॅमला मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) लावून रॅम ताणलेली असेल, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या काड्या एकत्र असतील, तर रोजच्या कामात चालणारं मशीन नेमकं इथे अडतं. मामांच्या मशीनमध्ये हेच होतं: जुन्या काडीशेजारी नंतर घेतलेली दुसरी, आणि वर एक्सएमपी चालू. ते बंद केल्यापासून मशीन नीट उठतंय.

उठताना मशीन झटका खाऊन पुन्हा रीस्टार्ट होत असेल तर एसएमपीएस तपासा. जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकतात आणि एकदम आलेला भार त्यांना पेलत नाही. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघायला पैसे पडत नाहीत. काही दुकानांत इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून बोर्ड गेल्याचं सांगतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. एवढं सगळं करूनही भागलं नाही तर बोर्डावर संशय घ्या. आणि तपासताना दर वेळी शट डाऊनऐवजी रीस्टार्ट वापरा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवला जातो, त्यामुळे जुना बिघाड दुसऱ्या दिवशी तसाच परत येऊ शकतो.

सेलचा मुद्दा तर निखालस खोटा. बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल तीन व्होल्टचा, तो घड्याळ आणि बायोसची सेटिंग सांभाळतो. झोपेतला मजकूर रॅममध्ये असतो आणि रॅमला वीज त्या स्टँडबाय तारेतून मिळते. प्लग काढल्यावर तारीख-वेळ मागे जात असेल तर सेल बदला, तो स्वस्तात मिळतो. झोपेच्या तक्रारीसाठी त्याला हात लावू नका.

बायोस अपडेटबद्दल अर्धं खरं आहे. बोर्डाच्या कंपन्या अपडेटच्या माहितीत कधीकधी स्लीपमधून उठण्याची अडचण दुरुस्त केल्याचं लिहितात, आणि तिथे तुमच्या बोर्डाचं नेमकं मॉडेल असेल तर जरूर करा. पण तो शेवटच्या टप्प्यातला उपाय आहे, पहिला नव्हे. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड खरंच निकामी होऊ शकतो. आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, हे कुणाला सांगायला नको. यूपीएस नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. शिवाय अपडेटनंतर सेटिंग पुष्कळदा मूळपदावर येतात, एक्सएमपीही बंद होतं, आणि गुण मात्र अपडेटला दिला जातो.

रात्री आपोआप चालू होणाऱ्या मशीनचं कारण शोधायला एक मिनिट पुरतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला लागून ‘लास्टवेक’ असं इंग्रजीत टाका. शेवटचं कुणी उठवलं ते बहुतेक वेळा कळतं. ‘लास्टवेक’च्या जागी ‘वेकटायमर्स’ टाकलं तर ठरलेल्या वेळी उठवणारी कामं दिसतात, मात्र त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. पुष्कळदा दोषी निघतो तो माऊस, विंडोजचा अपडेट किंवा नेटवर्क कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाची उठवायची परवानगी काढून टाका. नेटवर्क कार्डाला फक्त मॅजिक पॅकेटवर (मशीन उठवण्यासाठी मुद्दाम पाठवलेला नेटवर्क संदेश) उठायला सांगता येतं, म्हणजे नेटवर्कवरच्या इतर गडबडीने ते जागं होत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. झोपलेला डेस्कटॉप साधारण दोन-तीन वॅट घेतो. महिनाभर चोवीस तास झोपवला तरी दोनेक युनिट होतात. रोज हायबरनेट केल्याने, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन बंद केल्याने, एसएसडी डिस्क झिजते, असंही मेसेजच्या शेवटी आहे. दिवसाला आठ जीबी लिहिले तर वर्षाला तीन टीबीसुद्धा भरत नाहीत, आणि ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला ३०० टीबीपर्यंत लिखाणाची हमी मिळते.

मेसेजमधला एकच इशारा मी पुढे पाठवीन: झोपेत असताना लाईट गेली तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. खरं आहे, रॅमची वीज गेली की मजकूर गेला. त्यावर पॉवर ऑप्शन्समध्ये हायब्रिड स्लीप हा पर्याय आहे. तो चालू असेल तर झोपण्याआधी रॅममधलं सगळं डिस्कवरही उतरवलं जातं आणि लाईट आल्यावर काम तिथून परत मिळतं. पर्याय दिसत नसेल तर झोपवण्याआधी फाईल सेव्ह करायची सवय ठेवा. आणि वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की स्लीप नको, हायब्रिड नको, सरळ शट डाऊन करून प्लग उपसून ठेवा; नेटची केबलसुद्धा.