खांद्याला विचारलंय का?

मोठ्या जनावरासाठी रायफलचं काडतूस निवडायचं म्हटलं की मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि पाच मिनिटांत दोन्ही बाजूला ठेवतो. नावातल्या आकड्यांना काही धरबंदच नाही. .३०-०६ मधले ३० म्हणजे इंचाचे शतांश आणि ०६ म्हणजे १९०६ साल. ठीक, नियम समजला. तोच नियम .३०-३० ला लावावा तर ते निघतं १८९५ चं. तिथला दुसरा ३० म्हणजे आतल्या दारूचं वजन, ग्रेन या जुन्या, गुंजेहून लहान मापात. .४५-७० चे ७० सुद्धा ग्रेनच, पण काळ्या दारूचे. .२७० विंचेस्टरची गोळी मोजली तर भरते .२७७ इंच. आणि .२७५ रिग्बी म्हणजे मुळात ७×५७ माउझरच, विलायतेत गेल्यावर नाव बदललेलं, त्याची गोळी .२८४ ची. गोळीला फिरकी देण्यासाठी नळीच्या आत खाचा पाडलेल्या असतात; त्यांच्यामधले उंचवटे धरून मोजलं की एक आकडा येतो, खाचा धरून मोजलं की दुसरा. ज्याला जो शोभिवंत वाटला, त्याने तो बारशाला वापरला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

यातली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. पुंगळीच्या, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या नळकांड्याच्या, बुडावर जे कोरलंय आणि नळीवर जे कोरलंय, ते अक्षर न् अक्षर जुळलंच पाहिजे. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ यांच्या गोळीची जाडी एकच. पण पहिल्याची पुंगळी ५१ मिलिमीटर, दुसऱ्याची ६३. .३०-०६ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, .३०८ सहज सरकतं. बार झालाच तर पुंगळीच्या खांद्याला, म्हणजे ती जिथे निमुळती होते तिथे, पुढे आधार नसतो. ती फुगते, प्रसंगी फाटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे येतो. ‘जवळजवळ तेच’ हा शब्दप्रयोग इथे चालत नाही.

आता सल्लागार. या विषयातले उंटावरचे शहाणे दोन जातींचे. पहिल्या जातीला प्रत्येक जनावर ‘जागच्या जागी आडवं’ करायचं असतं, म्हणून ते मॅग्नमखाली, म्हणजे जादा दारूच्या जोरकस काडतुसांखाली, बोलतच नाहीत. त्यांना साधं बलविज्ञान सांगून उपयोग नाही, तरी सांगतो: गोळीच्या धक्क्याने जनावर उलथलं असतं, तर त्याच धक्क्याने बार काढणाराही उलथला असता. जनावर पडतं ते हृदय-फुफ्फुसांना भोक पडून, रक्तदाब कोसळून. दोन्ही फुफ्फुसांतून गोळी अगदी नीट गेली तरी हरीण पन्नास-शंभर मीटर पळू शकतं. त्यात काडतुसाची चूक नसते.

दुसरी जात बेलचं नाव घेते. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने त्याच किरकोळ ७×५७ ने शेकड्यांनी हत्ती मारले, मग तुम्हाला .३७५ चं दांडगं काडतूस कशाला, असा त्यांचा सवाल. खरं आहे. फक्त बेल न फुलणारी, म्हणजे अंगात शिरल्यावर पसरून रुंद न होणारी, सबंध कवचाची गोळी वापरायचा, नेम मेंदूवर धरायचा आणि मेंदू नेमका कुठे असतो हे कळावं म्हणून त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून पाहिली होती. तुमच्याकडे करवत आहे का?

बहुतेक प्रश्न खरं तर जनावराच्या वजनानेच सुटतो. साठ-सत्तर किलोच्या हरणाला .२४३ मध्ये १०० ग्रेनची गोळी पुरते. ६.५ क्रीडमोर २००७ साली आलं आणि जणू भौतिकशास्त्रच नव्याने लागलं असा गाजावाजा झाला, पण ६.५×५५ स्वीडिश घेऊन स्कँडिनेव्हियातले लोक शंभरावर वर्षं मूस, म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण, मारत आलेत. वापिटी (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण), मूस अशा भारदस्त मंडळींसाठी .३०-०६ आणि १८० ग्रेन, म्हणजे पावणेबारा ग्रॅम. रानरेडा किंवा हत्ती असेल तर वादच नको. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड), १९१२ पासून उभं आहे आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत त्याहून लहान कायद्यालाच चालत नाही. कायदा आधी वाचावा. जर्मनीत लाल हरणाला किंवा रानडुकराला किमान ६.५ मिलिमीटरची गोळी लागते आणि १०० मीटरवर तिच्यात २००० जूल ऊर्जा उरलेली असावी लागते. तिथे तुमचं मत कोणी विचारत नाही.

नावावर चार महिने घालवणारा माणूस गोळी मात्र चार सेकंदांत निवडतो, आणि घोळ तिथेच होतो. पातळ कवचाची, पटकन फुलणारी गोळी लहान हरणाला उत्तम. तीच मूसच्या खांद्याच्या हाडावर बसली की वरच्यावर फुटते, चिंध्या होतात आणि जनावर जखमी होऊन निघून जातं. १९४६ मध्ये एका मूसने जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला असंच छळलं. त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडभिंत घातली आणि १९४८ मध्ये ती विकायला काढली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. निव्वळ तांब्याच्या गोळ्या फुटत नाहीत. पण फुलायला त्यांना वेग लागतो, लांबवर वेग उतरला की सुईसारख्या आरपार जातात. आणि गोळीचं वजन किंवा बनावट बदलली की नेम पुन्हा लावायचा, कारण नळीला जुनी सवय असते.

राहता राहिला ‘सपाट मारा’, म्हणजे लांबवर जाऊनही गोळीने फार खाली न येणं. २०० यार्डांवर नेम लावला तर .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ३०० वर साडेआठ इंचांच्या आसपास खाली येते. .३०० विंचेस्टर मॅग्नमची तेवढीच गोळी सातेक इंच. म्हणजे तो सगळा गडगडाट दीड-दोन इंचांसाठी. धापा टाकत चढण चढून आलेल्या माणसाची नळी तेवढी नुसत्या श्वासाने हलते.

त्याची किंमत खांदा मोजतो. साडेतीन-पावणेचार किलोच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का साधारण २७ जूल; .२४३ चा त्याच्या निम्मा, .३७५ चा जवळजवळ दुप्पट. त्यात दुर्बीण डोळ्याजवळ बसवलेली असली तर भुवईवर अर्धचंद्र उमटतो. तो लोक लगेच ओळखतात. दुखणं परवडलं, पण अंग ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, आणि माणूस दोष देतो दुर्बिणीला.

याची एक क्रूर परीक्षा आहे. चांदमारीच्या जागी रायफल दुसऱ्याकडून भरून घ्यावी. त्याने कधी खरं काडतूस घालायचं, कधी बिनदारूचं. काय घातलं ते सांगायचं नाही. तुम्ही आपलं मॅग्नम रुबाबात खांद्याला लावता, श्वास अर्धा सोडता, चाप हळूच दाबता. ‘टिक्’. बार नाही, धूर नाही, धक्का नाही. तरी नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलेलं असतं आणि डोळे घट्ट मिटलेले. भरून देणारा काही बोलत नाही. तो फक्त .३०८ चा डबा पुढे सरकवतो.